रद्दीच्या यादीवरची माझी सही

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका कागदावर सही केली. ती सही मला अजून बोचते. शेतकरी बंधुभगिनींनो, खते, बियाणे, कीड-रोग यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज मी एका वेगळ्या कोठाराविषयी बोलणार आहे. ते कोठार म्हणजे सरकारी कागदांचे दफ्तर.

गोष्ट १९९७ सालची. शेतकीची बी.एस्सी. करून मी एका तालुक्याच्या गावी विस्तार अधिकारी म्हणून काम करीत होतो. आमची कचेरी नव्या इमारतीत जायची होती. मागच्या खोलीत जुन्या कागदांचे गठ्ठे पार छपराला लागले होते. वरचा पत्रा गळका आणि खाली वाळवी. वरिष्ठ म्हणाले, "ही घाण नव्या इमारतीत नको. यादी करा आणि रद्दी काढून टाका."

यादी केली. त्यात लिहिले काय, तर "जुने कागद, गठ्ठे". कोणत्या सालचे, कोणत्या कामाचे, काही नाही. वास्तविक प्रत्येक गठ्ठा सोडून, वाचून, मगच राखायचा की टाकायचा हे ठरवायचे असते. मी एकही गठ्ठा सोडला नाही. यादीखाली सही ठोकली. टेंपो भरून कागद किलोच्या भावाने गेले. खोली झाडून काढली आणि चांगले काम झाले असे मला वाटले.

बदल्या होत होत २००९ साली मी पुन्हा त्याच तालुक्यात आलो. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ कचेरीच्या दारात येऊन बसले. पंचाहत्तरीच्या पुढचे. डोक्याला पटका, हातात काठी. त्यांना मी आबा म्हणू लागलो. आबांची हकीकत अशी. १९७२ च्या दुष्काळात गावाला पाझर तलावाचे काम निघाले. लोक खडी फोडत होते, मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढत होते. आबांची दोन एकर सात गुंठे जमीन तलावाच्या बुडात गेली. पैसे मागाहून मिळतील असे सांगितले. आबांनी स्वतःच्याच रानात मजूर म्हणून माती वाहिली. तलाव झाला, खालच्या विहिरींना पाणी आले, गाव सुखावले. आबांची भरपाई मात्र आलीच नाही.

"सायेब, चार कचेऱ्या फिरलो. जो तो म्हनतो कागद दावा. आता कागद काय माज्या घरी हाय? कागद सरकारचा, सरकारनंच ठेवायचा की!"

माझ्या पोटात गोळा आला. त्या मागच्या खोलीत दुष्काळी कामांची दप्तरे होती, एवढे मला आठवत होते. मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी आबांना चहा पाजला आणि सांगून टाकले, "आबा, तुमचा कागद त्या गठ्ठ्यांत असेल तर तो मीच रद्दीत घातला." म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुमी सांगितलंत तरी. बाकीचे नुसते उद्या या म्हनतात. चला, आता तुमीच हुडका."

आम्ही हुडकायला लागलो. आधी आबांच्या घरी गेलो. आजींनी ट्रंक उघडली. लग्नातल्या शालूच्या घडीखाली एक पत्र्याचा डबा होता. त्यात कुंकवाची पुडी, मुलाचा शाळेचा दाखला आणि चतकोर कागदाची एक घडी निघाली. ती १९७३ सालची मोजणीची नोटीस होती. कडा झडल्या होत्या, पण प्रकरणाचा नंबर शाबूत होता. आजींना अक्षरओळख नव्हती. "शिक्का हाय म्हनून ठेवला," एवढेच त्या म्हणाल्या.

तो नंबर घेऊन आम्ही भूमी अभिलेख कचेरीत गेलो. "सरकारी काम अन् सहा महिने थांब" म्हणतात, तसे हेलपाटे झाले. पण एक दिवस तिथल्या माणसाने मांडणीवरून एक गठ्ठा खाली काढला. गठ्ठ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरात गावाचे नाव, साल आणि प्रकरणांचे नंबर लिहिलेले. आत संयुक्त मोजणीचा तक्ता होता. त्यात आबांचा गट, क्षेत्र आणि नाव, तिन्ही होते. ती चिठ्ठी लिहिणारा कारकून कोण, कधीचा, मला ठाऊक नाही. मी जे मोडले होते ते त्याने सांभाळून ठेवले होते.

त्यानंतर मला एकच ध्यास लागला. कागद राखतात तरी कसे, हे पाहायचे. २०११ साली पुण्याला कृषी आयुक्तालयात काम होते. तेव्हा ते सेंट्रल बिल्डिंगमध्ये होते. काम उरकून मी जवळच, कौन्सिल हॉलपाशी असलेल्या राज्य शासनाच्या पुराभिलेखागारात गेलो. जुने लोक त्याला पेशवे दफ्तर म्हणतात. जाड भिंतींची दगडी इमारत. आत मांडण्यांवर कापडात बांधलेले हजारो गठ्ठे. त्यांना तिथे रुमाल म्हणतात. प्रत्येक रुमालाला क्रमांक. आतले बहुतेक कागद मोडी लिपीतले.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते राखले ते काही इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाची जमीन इनाम, कोणाची सारा भरणारी, हे त्यांना ठरवायचे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले तेव्हा याच कागदांवरून लोकांचे हक्क तपासले गेले. म्हणजे तेव्हाही प्रश्न शेतीचाच होता. पुढे रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादून छापले, तेव्हा तो ठेवा सर्वांना वाचता आला.

तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. एक दोनशे वर्षांपूर्वीचा हातकागद, काजळाच्या शाईने लिहिलेला. अक्षर काळेभोर, कागद लवचीक. दुसरा पन्नास वर्षांपूर्वीचा सरकारी कागद. हात लावताच पापडासारखा मोडला. मी कारण विचारले. गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्यापासून करतात, त्यात तुरटी घालतात, आणि काही वर्षांनी त्यात आम्ल वाढते. त्यावर उपाय काय, तर चुन्याच्या निवळीसारखे अल्कधर्मी पाणी देणे. मला हसू आले. आंबट जमिनीला चुना घाला, हे मी आयुष्यभर सांगत आलो होतो. जमिनीला सामू असतो तसा कागदालाही असतो!

बाकीचे तर सगळे आपल्या बियाण्याच्या कोठीसारखेच. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखायची. ती साठ-पासष्टच्या वर गेली की बुरशी धरते. ऊन थेट पडू द्यायचे नाही. मांडणी भिंतीला चिकटवायची नाही, म्हणजे ओल आणि वाळवी चढत नाही. फाटका कागद पातळ जपानी कागद आणि खळ लावून सांधायचा. गोंदाची चिकटपट्टी कधीही लावायची नाही.

पण सगळेच राखता येत नाही, हेही खरे. खळ्यात रास उफणावी लागते, तसे दफ्तरही उफणावे लागते. आपल्या राज्यातल्या कचेऱ्यांत त्याची रीत ठरलेली आहे. अ वर्गाचा कागद कायमचा, ब वर्गाचा तीस वर्षे, क वर्गाचा दहा, क-१ वर्गाचा पाच आणि ड वर्गाचा एक वर्ष. पुढे २००५ साली राज्याचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही झाला. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही प्रत्येक कचेरीने आपल्या कागदांची सूची करून ते नीट ठेवावेत, असे पहिल्याच कलमांत सांगितले आहे. माझी चूक उफणण्यात नव्हती. न पाहता सगळी रासच भुसा समजून उडवली, ती चूक.

आता जुने फेरफार, सातबारे स्कॅन होऊन संगणकावर दिसतात. फार चांगले झाले. पण जो कागद वाळवीने खाल्ला त्याचे स्कॅन कोण करणार? आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद टाकून चालत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावची माणसे मोडी वाचणाऱ्याला धुंडत कचेऱ्यांत आली. जिथे गठ्ठा होता तिथे नोंद शोधता तरी आली.

घरच्यांसाठी चार गोष्टी सांगतो. खरेदीखत, मोजणीचा नकाशा, नोटिसा, पावत्या एका पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी भिंतीपासून दूर, विटांवर. टाचण्या काढून टाका, त्या गंजतात. कागदाला प्लॅस्टिक चिकटवून घेऊ नका, पुढे ते निघत नाही. पावसाळा सरला की सावलीत हवा द्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत घालून ठेवा. पाकिटावर साल आणि विषय लिहा. आणि पेटीत काय आहे ते घरातल्या बायकांना व मुलांना सांगून ठेवा.

आबांचे प्रकरण उभे राहायला आणखी चार वर्षे लागली. पैसे आले तेव्हा आबा नव्हते. आजींनी पासबुक घेतले आणि त्याच पत्र्याच्या डब्यात, त्या नोटिशीवर ठेवले. मला म्हणाल्या, "सायेब, ह्यो कागद आता टाकू का?"

मी म्हणालो, "नको आजी. असू द्या."

आता माझी निवृत्ती जवळ आली आहे. टेबलावर रद्दीची यादी आली की मी पेन खाली ठेवतो आणि पहिला गठ्ठा सोडायला सांगतो. कचेरीतली तरुण मंडळी घड्याळाकडे बघतात. बघू द्या.