पट्टा करावा की विकत घ्यावा?

निवृत्तीनंतर एखादा छंद जोपासावा, असा सल्ला सारेच देतात; परंतु तो छंद समुद्राच्या तळाशी नेणारा असेल, तर सल्ला देणारेही दचकतात. माझ्या पत्नीने वयाच्या 62व्या वर्षी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण घेतले. देवगडच्या खाडीकाठी बालपण गेले असल्याने पाण्याचे भय तिला कधी नव्हतेच. आज ती 67 वर्षांची आहे. दर वर्षी हंगाम सुरू होण्यापूर्वी ती हृदयाची व फुप्फुसांची तपासणी करून घेते आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच मालवणच्या समुद्रात उतरते. पाण्यात शिरताच पायांतील बरेचसे रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे काम वाढते. डायव्हिंगपूर्वी भरावयाच्या वैद्यकीय प्रश्नावलीत 45 वर्षांपुढील व्यक्तींना रक्तदाब, धूम्रपान यांविषयी वेगळे प्रश्न असतात, ते याच कारणाने. तिचे हृदय आणि फुप्फुसे उत्तम आहेत. अडचण उद्भवली ती हाताच्या अंगठ्यात.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याला झिजेचा संधिवात जडला की चिमटीत धरून करायची सारी कामे दुखरी होतात. किल्ली फिरवणे, बाटलीचे झाकण उघडणे, साडीला पिन लावणे, सारेच. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो, त्याच्या अनेक पट भार त्या लहानशा सांध्यावर पडतो. पायांत चढवायचे रबरी पंख, ज्यांना फिन्स म्हणतात, त्यांचा टाचेमागचा पट्टा नेमका चिमटीनेच हाताळावा लागतो. बकल दाबायचे, पट्ट्याचे टोक ओढायचे, आणि तेही वाकून, हेलकावणाऱ्या होडीत.

होडीवरची मुले मोठी मायाळू. "काकू, पाय पुढे करा, आम्ही घालतो," असे ती आपण होऊन म्हणत. पत्नीला ते मान्य नव्हते. त्यामागे केवळ अभिमान नव्हता. "अहो, वर होडीत ती घालून देतील," ती मला म्हणाली, "पण परतताना शिडीशी आले की फिन्स पाण्यातच काढून वर द्याव्या लागतात. तिथे माझी बोटे चालली नाहीत, तर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या वस्तूवर आपली सुटका अवलंबून असते, ती आपल्याच हाताने सुटली पाहिजे, एवढे मात्र मला त्यातून उमगले.

याच सुमारास, ऑक्टोबरात सामान बाहेर काढले तेव्हा, डाव्या फिनच्या रबरी पट्ट्यावर बारीक आडव्या भेगा दिसल्या. रबर जन्मतःच चंचल. 1844 मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले आणि ते टिकाऊ झाले. पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. ऊन, हवेतील ओझोन आणि सततचा ताण यांनी ते हळूहळू चिरते, आणि प्रथम चिरते ते वाकलेल्या जागी. पट्टा सरळ असताना भेगा दिसत नाहीत. तो दुमडून, ताणून पाहावा लागतो. पट्टा बदलणे क्रमप्राप्त होते. फिन्स जुन्या असल्याने त्याच घडणीचा पट्टा मिळेना. मग घरात प्रश्न उभा राहिला: करावा की विकत घ्यावा?

मी 34 वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर हा व्यवसाय शिकवला आहे. बाजारातली वस्तू पाहिली की माझे हात शिवशिवतात. बाजारात दोन प्रकार होते. एक, सर्व फिन्सना चालणारा साधा रबरी पट्टा. त्यात बकलाची कटकट तशीच राहणार. दुसरा, स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा. त्याला बकल सोडावे लागत नाही. टाचेमागचा फास ओढला की स्प्रिंग ताणते, पाय आत जातो आणि सोडताच ती टाचेवर बसते. हा पट्टा महाग, पण गुडघ्यांना आणि बोटांना सोयीचा.

घरी करण्याचेही दोन मार्ग होते. हार्डवेअरच्या दुकानातील दाराची स्प्रिंग वापरता आली असती. पण साधे पोलाद खाऱ्या पाण्यात थोड्याच दिवसांत गंजते. समुद्रासाठी 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील लागते. त्यातील मॉलिब्डेनममुळे ते मिठाला अधिक तोंड देते. शिवाय स्प्रिंगची टोके नीट गोलाईत वळवली नाहीत, तर ती पायातला बूट कापतात. दुसरा मार्ग, स्कूटरला सामान बांधतात तशी लवचीक दोरी. दोन्ही टोकांना दुहेरी गाठी मारून फिनच्या खुंट्यांत अडकवली की पट्टा तयार. अनेक डायव्हर असे करतात, आणि खर्च दोघांच्या चहाभज्यांइतका. मी तशी जोडी केलीही. ती पायात नीट बसली. मात्र या दोरीचे रबर वरच्या कापडी वेष्टणात दडलेले असते. आत ते किती चिरले आहे, हे बाहेरून कळत नाही.

म्हणून मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. हा भाग तुटला तर काय होईल? तुटण्यापूर्वी तो कमकुवत होत आहे, हे डोळ्यांना दिसेल का? आणि तो कोणाचे हात वापरणार आहेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विकतच्या पट्ट्याच्या बाजूने होती. त्याची स्प्रिंग उघडी होती, गंजाचा डाग पडला तर लगेच दिसला असता.

तिसऱ्या प्रश्नासाठी मी मासे तोलण्याचा आकड्याचा काटा घेतला आणि पत्नीला तो ओढायला सांगितले. चिमटीत धरून ती जेमतेम 2 किलोपर्यंत ओढू शकली. पुढे कळ आली. चार बोटे फासात घालून तळहाताने ओढले, तेव्हा 7 किलोपर्यंत काहीच दुखले नाही. विकतच्या पट्ट्याचा फास दोन बोटांपुरता होता. तो कोणा तरुण हाताच्या मापाने शिवलेला असावा.

निर्णय इथेच झाला. स्प्रिंगचा पट्टा विकत आणला. त्याच्या फासात नायलॉनच्या रुंद पट्टीचा, चार बोटे सहज जातील असा दुसरा फास ओवला. तो मी बेतला आणि बाजारात पिशव्या व छत्र्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून जाड दोऱ्याने दुहेरी शिवून घेतला. रंग भडक केशरी ठेवला, म्हणजे पाण्यात तो चटकन दिसेल. तरीही तो फार लांब ठेवला नाही. लोंबणारी वस्तू शिडीत अडकू शकते. दोरीची जोडी जादा म्हणून पिशवीत ठेवली. समुद्रावर जाण्यापूर्वी पोहण्याच्या तलावात, उथळ पाण्यात, डोळे मिटून फिन्स दहादा घालणे-काढणे झाले. भार सोसणारा भाग विकतचा, हाताशी येणारा भाग घरचा, अशी वाटणी आम्हांला मानवली.

आपल्यापैकी बहुतेकजण डायव्हिंग करणार नाहीत. पण हाच प्रश्न काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा, चाकांची खुर्ची यांच्यापाशीही उभा असतो. काठीच्या टोकाचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर तिथे घरचा चिंधीचा उपाय नको. योग्य मापाचे नवे रबर आणावे. खुर्चीचा कमरपट्टा, न्हाणीघरातील आधाराची दांडी यांवर देहाचा भार असतो. तिथे काटकसर नको. उलट, मुठीला कापड गुंडाळून ती जाड करणे, चेनला ओढण्यासाठी रिंग लावणे, वेल्क्रोच्या टोकाला कापडी कान शिवणे, ही कामे घरीच उत्तम होतात, कारण त्या हाताचे माप घरातल्या माणसालाच ठाऊक असते.

मधुमेह असलेल्यांनी एक काळजी अवश्य घ्यावी. पायांची संवेदना कमी झालेली असेल, तर पट्टा काचला तरी कळत नाही. कोणताही नवा पट्टा प्रथम थोडाच वेळ वापरावा आणि नंतर टाच, घोटा उजेडात पाहावा. लाली टिकून राहिली तर माप बदलावे. रबरी वस्तू खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात, ताणून टांगू नयेत. महिन्यातून एकदा त्या दुमडून पाहण्याचा वार ठरवून घ्यावा.

आणि काही आणण्यापूर्वी किंवा करण्यापूर्वी, ज्याला ते वापरायचे आहे त्याच्या हाती ती वस्तू देऊन गप्प बसून पाहावे. बोटे कुठे अडतात, ते दिसतेच. आमच्याकडे होडीवरची मुले आता "काकू, घालून देऊ का?" असे विचारत नाहीत. ती तिच्या हाती फिन्स देतात आणि शेजारच्या पर्यटकाकडे वळतात.