नाकुप्पीची कुंडी

साहेबांच्या दौऱ्यासाठी वसाहतीच्या खिडक्या मोकळ्या करायच्या म्हणून माझ्या कुंड्या भर मे महिन्यात उघड्या उन्हात नेऊन टाकल्या. आठवलं की अजून जीव जळतो. लोक म्हणतात, कुंड्याच होत्या, त्यात एवढं काय? ज्यांनी सिरोंच्यात मे महिना काढलेला नाही, तेच असं म्हणतात.

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. प्राणहिता इथं गोदावरीला मिळते, पलीकडे काळेश्वरम्. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या वर. मी मूळची वर्ध्याकडची, इथं दवाखान्यात रक्त तपासते. पावसाळ्यात मलेरियाच्या काचा बघून बघून डोळे दुखायला लागतात. राहायला पहिल्या मजल्यावरचं क्वार्टर. खाली काही लावावं तर शेळ्या आणि डुकरं टिकू देत नाहीत, जमिनीत तर नुसता बांधकामाचा मलबा. उरली ती दक्षिणेची खिडकी आणि ग्रीलमधली हातभर फळी.

त्या खिडकीत मला पात हवी होती. आमच्या घरी पातीच्या कांद्याचा झुणका नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, आणि पातीचा कांदा उन्हाळ्यात बाजारातून नाहीसाच होतो. पावसाळ्यात आलापल्लीच्या रस्त्यावर नाल्याला पूर आला की भाजीची गाडी अडते. २०२२ च्या जुलैमधल्या पुरात तर काठची गावंच्या गावं हलवावी लागली, तिथं हिरव्या भाजीचं नाव कोण काढणार? भाचीने पुण्याहून चाइव्ह्जचं बी पाठवलं. विलायती पात, पोकळ आणि सुईसारखी बारीक. डिसेंबरात दोऱ्यासारखी उगवली, मला केवढा आनंद झाला. मार्चच्या उन्हाळ्याने ती बसली ती बसलीच. ते थंड मुलखातलं झाड. तिकडे बर्फाखाली कंद झोपतो आणि वसंतात उठतो. इथं त्याला झोपायला थंडी नाही आणि जागं राहायला गारवा नाही. मग लसणाच्या पाकळ्या खोचल्या. आठवड्यात हिरवं दिसायला लागलं, पण दोनदा कापलं की पाकळी पोकळ होते. पुन्हा नवी पाकळी, म्हणजे पुन्हा लसूण विकत घ्या.

खरी पात आली ती मणिपूरहून. सीआरपीएफचा एक जवान तापाने फणफणलेला काच द्यायला आला होता. अहवालासाठी बाकावर थांबला असताना त्याची नजर माझ्या टेबलावरच्या डब्यातल्या लसणाच्या पातीवर गेली. मोडक्या हिंदीत म्हणाला, आमच्याकडे याहून चांगली असते, मरोई नाकुप्पी. देवाच्या जेवणात कांदा-लसूण चालत नाही, ही चालते. सुट्टीवरून परत येताना त्याने ओल्या कपड्यात गुंडाळलेला ठोंब आणला. अर्धा कॅम्पातल्या वाफ्यासाठी ठेवला आणि अर्धा मला दिला. ओळख ती काय, एका काचेपुरती. त्या माणसाला मी एका वेळचं जेवणही घातलं नाही. त्याची बदली झाली आणि मला कळलंसुद्धा नाही.

नाकुप्पीची पानं चपटी, गवतासारखी, पण चुरगळली की लसणाचा वास बोटांना दिवसभर राहतो. खाली गाठीगाठीचं मूळ असतं, त्यातून फुटवे येतात. चाइव्ह्जपेक्षा हिला ऊन पुष्कळ सोसतं. तरी माती नीट लागते. मी प्राणहितेचा पोयटा, मुरलेलं शेणखत आणि थोडी वाळू असं मिश्रण केलं. कोणी सांगेल तेलाचा पत्र्याचा डबा वापरा म्हणून. इथं ते ऐकू नये. पत्रा एप्रिलमध्ये इतका तापतो की मुळं शिजतात. मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवायची आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायची. कापताना बुडाशी दोन बोटं सोडून कात्रीने कापायचं, ओरबाडायचं नाही. मावा काळा येतो, पानाच्या बेचक्यात लपतो, तो साबणाच्या पाण्याने धुऊन काढायचा. खिडकीची दिशाही बघायची. आमच्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन थेट आत येतं आणि ऐन उन्हाळ्यात नुसता उजेड राहतो. नाकुप्पीला आणखी काय हवं?

तर दौरा. कोणी मोठे साहेब येणार म्हणून वसाहतीची पुढची बाजू रंगवायला घेतली. मागच्या बाजूला ओल उतरते, ती तशीच राहिली. खिडक्यांत काही दिसता कामा नये, असं तोंडी सांगणं निघालं. कागद नाही, सही नाही, त्यामुळे मला ते कळायलाही मार्ग नव्हता. मी ड्युटीवर होते. ठेकेदाराच्या पोरांनी शिडी लावली, ग्रीलमधून हात घालून एकेक कुंडी काढली आणि सगळ्या मागे सेप्टिक टँकच्या झाकणावर नेऊन ठेवल्या. सिमेंटचं झाकण, सावलीचा ठिपका नाही. दोन कुंड्या उतरवतानाच फुटल्या होत्या. शेजारच्या अक्कांची तुळस मात्र जागच्या जागी होती, तिला कोणी हात लावला नाही. म्हणजे कोणतं झाड काढायचं आणि कोणतं नाही, याचा विचार करायला त्यांना वेळ मिळाला होता. हेच मला जास्त लागलं.

मी संध्याकाळी पोचले तेव्हा पानांची टोकं पांढरी पडून कागदासारखी वाजत होती. वाळूत बोट घातलं तर चटका बसला. देखभालीचं काम बघणाऱ्या बाबूंकडे गेले. ते फाईलमधून मान वर न करता म्हणाले, "मॅडम, गवतच तर आहे, पुन्हा लावा." मी म्हटलं, हे मणिपूरहून आलंय. त्यावर ते हसले. साहेबांच्या गाड्या वसाहतीत आल्याच नाहीत, मोठ्या रस्त्याने सरळ निघून गेल्या. त्या पोरांवर मी फार चिडले होते. पुढे त्यातलाच एकजण आईला तपासायला घेऊन आला. त्याच्या हातांना रंगाच्या थिनरने भेगा पडल्या होत्या. त्याला मी काही बोलले नाही, बोलायला नको होतंच. बाबूंवरचा राग मात्र आहे तसा आहे.

एवढ्याशा पातीसाठी एवढा राग का, असं घरचे विचारतात. आमच्या तालुक्याच्या काठाने प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती अशा तीन नद्या वाहतात. पलीकडे तेलंगणाने ८५ दरवाजांचा मेडिगड्डा बॅरेज बांधला, २०१९ मध्ये तो सुरू झाला, आणि त्याचं फुगलेलं पाणी आमच्या शेतकऱ्यांच्या जमिनीत शिरू लागलं. मिरची इथं उत्तम पिकते, ती बाहेर जाते. बाहेरून आमच्यासाठी भाजी येते, तीही शिळी. जिथं पाणी एवढं आणि हिरवं एवढं कमी, तिथं प्रत्येक क्वार्टरच्या खिडकीत दोन कुंड्या असाव्यात असा नियम निघायला हवा. निघालं ते उलटंच सांगणं. त्या आठवड्यात मी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता.

तो दिला नाही. जूनच्या पावसात जुन्या गाठींतून हिरवे कोंब आले, आधी एका कुंडीत, मग फुटलेल्या कुंडीच्या ढिगातूनही. पावसाळा सरता सरता पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं आली. त्यांच्या कळ्या बेसनात घातल्या तर पानांपेक्षा चवदार लागतात. मी ठोंब फोडून वाटायला लागले. अक्कांना दिला, दवाखान्यातल्या सिस्टरला दिला. बाबूंच्या घरात मात्र द्यायचा नाही, हे मनाशी पक्कं केलं होतं.

मागच्या हिवाळ्यात बाबूंची बायको स्वतः मागायला आली. तिला त्यातलं काही ठाऊक नसावं. दारात उभं ठेवून मी क्षणभर गप्प राहिले, मग आत जाऊन चांगला गाठींचा ठोंब काढला. देताना मला बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. तरी तिला बसवून सगळं सांगितलं: पत्र्याचा डबा नको, वाळू ओली ठेवा, दोन बोटं सोडून कापा, पहिला महिनाभर तर कात्री लावूच नका.