तोट्यांचं गाव

बस मला बूझिएसच्या पुलापाशी सोडून गेली तेव्हा फ्रान्समधली ही लॉट नदी धुक्यात पार बुडालेली होती. पाण्याचा आवाज येत होता, पाणी दिसत नव्हतं. ऑक्टोबरातली थंडी. जायचं होतं सँ-सिर्क-लापोपीला. नदीपासून शंभरेक मीटर उंचीवर, कड्याला बिलगून असलेलं हे जेमतेम दोनशे वस्तीचं गाव. सरळ सडकेने गाडीतून वर जाता येतं, बहुतेक लोक तसेच जातात. मी नदीकाठची वाट धरली, कारण मला गाव खालून, पाण्याच्या बाजूने बघायचं होतं. ज्या नदीने ते पोसलं, तिच्या बाजूने.

वाट आधी साधीच होती. डावीकडे नदी, उजवीकडे झाडी. मग एका वळणावर काठच संपला. चुनखडीचा उभा कडा थेट पाण्यात उतरलेला आणि वाट त्या कड्याच्या पोटात शिरलेली. बोगदा नव्हे. खडक एका बाजूने कोरत नेऊन केलेली लांबलचक खाच, नदीच्या अंगाला उघडी आणि डोक्यावर दगडाचं छत. वाकून चालावं लागेल असं वाटतं, पण लागत नाही. छताला हात लावला. छिन्नीचे घाव अजून जसेच्या तसे, तिरके, एकापाठोपाठ एक.

ही नावा ओढायची वाट. १८४०च्या दशकात ती या कड्यात खोदून काढली. लॉट ही सेव्हेन डोंगरातून निघून पावणेपाचशेहून अधिक किलोमीटरांवर गारोन नदीला मिळते आणि गारोन पुढे बोर्दोच्या बंदराकडे जाते. रेल्वेच्या आधी या सगळ्या डोंगराळ मुलखाचा बाजाराशी संबंध होता तो या पाण्यावाटे. सपाट बुडाच्या नावा काओर शहराची गडद, काळसर लाल वाइन घेऊन खाली जात. देकाझव्हिलचा कोळसा जाई, ओव्हेर्न्यचं चीज जाई, पिंपांसाठी चिरलेल्या ओकच्या फळ्या जात. खाली जाताना प्रवाह सोबतीला असे. परत येताना मीठ आणि खारवलेले मासे भरलेली तीच नाव प्रवाहाविरुद्ध ओढून आणावी लागे. त्यासाठी काठावरून दोर खांद्याला लावून माणसं चालत, पुढे पुढे जनावरं जुंपत. इथे कड्यामुळे पाय टेकायलाच जागा नव्हती, म्हणून डोंगर कोरला. या वाटेवरच्या खडकात एका शिल्पकाराने १९८०च्या दशकात मासे, शिंपले आणि पाण्याच्या लाटा कोरल्या आहेत. येणारे त्या शिल्पासमोर उभे राहून फोटो काढतात. शिल्प सुंदरच आहे, पण माझी नजर पुन्हा पुन्हा छताकडे जात होती. त्या घावांवर कोणाचं नाव नाही.

तासाभरात धुकं विरलं आणि बंधारा दिसला. शेजारी नावा चढवण्या-उतरवण्याची दगडी कोंडी, जुनी पाणचक्की, आणि मान वर केली तर गाव. तपकिरी कौलांची उभट छपरं एकावर एक रचलेली, मधोमध तटबंदीसारखं थोराड चर्च, त्याच्याही वर उघडा खडक. तिथे कधी किल्ला होता. लापोपी, गुर्दों आणि कार्दायाक या तीन घराण्यांची एकाच खडकावर एकमेकांना खेटून गढ्या होत्या. पुढे अकराव्या लुई राजाने १४७१ मध्ये त्या पाडायचा हुकूम दिला आणि उरलंसुरलं शंभर वर्षांनी कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या धामधुमीत गेलं. आता वर फक्त वारा आहे आणि नदीचं मोठं वळण दिसतं.

चढून गावात शिरले आणि पहिल्या गल्लीतच थबकले. घरांच्या तळमजल्यावर दगडी टोकदार कमानी आहेत, रुंद, गल्लीकडे तोंड केलेल्या. ही सगळी दुकानं होती. गल्ल्यांची नावंही धंद्यांची: पेलिसारिया म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची, पेरोलेरी म्हणजे हंडे-कढया घडवणाऱ्यांची. पण गावाला खरी ओळख दिली ती लाकूड कातणाऱ्यांनी. आपण ज्यांना कातारी म्हणतो, ते. इथले कातारी पिंपांच्या लाकडी तोट्या करत. इथल्या ऑक्सितान बोलीत त्यांना ‘रुबिनेतायर’ म्हणत. रोबिने म्हणजे तोटी, तिच्यावरून पडलेलं नाव.

मला हे फार आवडलं. गावाची कीर्ती राजवाड्यावर नाही, संतावर नाही, तोटीवर! आणि विचार केला की कळतं, हे सगळं किती चपखल जमलं होतं. वर माळरानावर ब्वी नावाचं झुडूप माजलेलं. बारीक पानांचं, सदाहरित, अतिशय सावकाश वाढणारं. त्याचं पिवळसर लाकूड इतकं घट्ट की ताजं तोडलेलं पाण्यात बुडतं. रेषा बारीक असल्यामुळे कातताना त्याचे ढलपे उडत नाहीत आणि आटे स्वच्छ पडतात. खाली नदीवरून वाइनची पिंपं चाललेली, आणि पिंप म्हटलं की तोटी आलीच. तोटीचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. आडव्या नळीत उभी फिरकी इतकी नेमकी बसली पाहिजे की हाताने वळेल पण थेंब गळणार नाही. कमान रुंद का, तेही इथे उभं राहिलं की उमगतं. कातायला उजेड लागतो आणि गल्ली अरुंद आहे.

इथल्या संग्रहालयात मी अशी तोटी पाहिली. वीतभर लांबीची, मधासारख्या रंगाची, मुठीत धरावीशी वाटणारी. शेजारी पायाने चालवायचं कातयंत्र.

मग काही दशकांत हे सगळं ओसरलं. १८७०नंतर फायलोक्सेरा ही कीड आली आणि तिने द्राक्षवेलींची मुळं खाऊन काओरचे मळे उजाड केले. १८८६ मध्ये नदीच्या पलीकडच्या काठाने काओर ते काप्देनाक रेल्वे धावू लागली आणि माल तिच्यावर गेला. दोर गेले, नावाडी गेले. १९२६ मध्ये लॉटचं नाव सरकारी जलमार्गांच्या यादीतून काढून टाकलं. ती रेल्वेही आता बंद आहे. माणसं शहरांकडे निघून गेली, घरं ओस पडली. ती पाडून नवी बांधायलाही कोणाकडे पैसा नव्हता आणि म्हणूनच तेराव्या शतकापासूनची घरं आज उभी आहेत. पर्यटक ज्याला ‘जपलेलं’ म्हणतात, त्यातलं बरंच काही असं दारिद्र्याने राखलेलं आहे. हे मला इथे सतत जाणवत राहिलं आणि त्या सौंदर्याकडे नुसतं सौंदर्य म्हणून बघणं मला जमेना.

रिकाम्या घरांकडे आधी वळले चित्रकार. आँरी मार्तँने इथे घर घेतलं. मग १९५०च्या जूनमध्ये आंद्रे ब्रतों आला, अतिवास्तववादाचा प्रवर्तक कवी. गाव बघताक्षणी तो इथलाच झाला. पुढच्याच वर्षी त्याने एक घर विकत घेतलं आणि १९६६ मध्ये मरण येईपर्यंत तो दर उन्हाळ्यात इथे येत राहिला. त्या घराचं नाव ‘ओबेर्ज दे मारिनिए’, म्हणजे नावाड्यांची खानावळ. दिवसभर दोर ओढून आलेली माणसं जिथे टेकत असतील, तिथे पॅरिसचे कवी जमू लागले. ब्रतों मात्र रोज खाली उतरायचा आणि नदीच्या वाळूत अकीक शोधत हिंडायचा. आता ते घर गावाच्या मालकीचं आहे.

ब्रतोंची आणखी एक गोष्ट इथून जवळच घडली. थोड्या अंतरावर काब्रेरे गावी पेश-मेर्ल ही गुहा आहे. १९२२ मध्ये दोन शाळकरी वयाच्या मुलांनी सरपटत आत जाऊन ती शोधली. भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे आहेत, सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्या भोवती हातांचे ठसे. भिंतीवर पंजा ठेवून वरून रंग फुंकलेला, त्यामुळे हाताची जागा कोरी राहिलेली. १९५२ मध्ये ब्रतोंला शंका आली की चित्रं खरी नसावीत. त्याने एका रेषेवर अंगठा घासून पाहिला. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याला दंड झाला. दंड योग्यच होता. तरीही तो अंगठा मला समजतो. सकाळी मीही नदीकाठच्या वाटेवरच्या त्या छताला हात लावल्याशिवाय राहिले नव्हते.

दुपारी गावात गर्दी झाली. २०१२ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांनी याला फ्रान्सचं सर्वांत आवडतं गाव ठरवलं, तेव्हापासून लोंढा वाढतच गेला आहे. टोकदार कमानींखाली आता दागिने, चित्रं आणि आइस्क्रीम. एका दुकानात केशराच्या चिमुकल्या काचेच्या कुप्या होत्या. मला वाटलं काश्मीरचं किंवा इराणचं असेल, पण ते इथलंच निघालं. मध्ययुगात या केर्सी प्रांतात केशर पिकायचं, मग बंद पडलं, आणि १९९०च्या दशकात शेतकऱ्यांनी ते पुन्हा लावलं. फुलं याच महिन्यात येतात. मी एक कुपी घेतली, आईसाठी.

परत उतरताना माळरानाच्या कडेची वाट घेतली, ब्वी बघायची म्हणून. सापडली, पण राखाडी. पूर्व आशियातून आयात रोपांबरोबर आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी गेल्या काही वर्षांत इथली झुडपं खाऊन टाकली आहेत. पानं संपली की त्या साल खातात. उतारच्या उतार काटक्यांचे झाले होते. फायलोक्सेराही असाच परमुलखातून, रोपांबरोबरच आला होता. एका झुडपापाशी बसले. बुडाशी पाच-सहा फुटवे होते, नखाएवढ्या पानांचे. खाली पडलेली एक काटकी उचलली. अंगठ्याएवढी जाड, पण हातात घेतली तर तिच्या आकारापेक्षा बरीच जड. टोकाची साल नखाने काढली. आत तो पिवळा, मधासारखा रंग होता.

खाली बंधाऱ्यावरून पाणी पडतच होतं. बसला अजून चाळीस मिनिटं होती.