मांडवीवर काळी काच

रत्नागिरीस गेले की संध्याकाळी पाय मांडवीच्या धक्क्याकडे वळतातच. काळी वाळू, उजवीकडे रत्नदुर्ग आणि त्याचे दीपगृह. गेल्या दिवाळीत बरोबर अण्णा होते आणि माझा रेंजफाइंडर कॅमेरा.

लाटांचे धुके झालेले छायाचित्र काढण्याचा मला भारी सोस. त्यासाठी भिंगावर काळी काच, म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, चढवावी लागते. या कॅमेऱ्यात आपण वेगळ्याच खिडकीतून पाहतो. काच कितीही काळी असो, देखावा लख्ख दिसतो. (भिंगावर झाकण राहिले तरी लख्खच दिसतो, हाही अनुभव पदरी आहे!)

10 स्टॉपची काच लावली. प्रकाश हजारपट कमी. 1/60 सेकंदाचे काम 17 सेकंदांवर गेले. एवढ्या वेळात फिल्म मंदावते, म्हणून वर आणखी काही सेकंद दिले. अण्णा धक्क्यावरून सावकाश चालले होते.

घरी येऊन फिल्म धुतली. किल्ला जागच्या जागी, समुद्र दुधासारखा, आणि अण्णा कुठेच नाहीत! पाहून ते हसले. मला मात्र हसू येईना.

माघात पुन्हा गेलो. या खेपेस काच 6 स्टॉपची, प्रकाश 64 पट कमी, वेळ जेमतेम 1 सेकंद.

"अण्णा, जरा स्वस्थ उभे राहा."

लाट अर्धीमुर्धीच विरली. अण्णांच्या सदऱ्याचे टोक तेवढे वाऱ्याने हलले आहे.