भागवतांच्या दोन मुली

अटी तीन होत्या. पहिलं वर्ष उमेदवारीचं, म्हणजे नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. संचालकांचं समाधान होईपर्यंत केलेल्या कामाला मान्यता नाही. आणि तिसरी, तिच्या वावरामुळे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मुंबई विद्यापीठाची गुणवंत पदवीधर कमला भागवत हिच्यापुढे या अटी ठेवल्या गेल्या. ठेवणारे होते सर सी. व्ही. रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळवलेले.

त्याआधी तर सरळ नकारच आला होता. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, पण त्यांच्या शब्दाचाही उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः रामनांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने नकाराचं कारण विचारलं. मुलगी असणं एवढंच कारण होतं. ती हटेना, तेव्हा दार किलकिलं झालं.

तिने त्या अटी मान्य कशा केल्या, असं आज कुणीही विचारील. बाणेदारपणाच्या गोष्टींत अशा वेळी कागद फाडून निघून येतात. कमलेला मात्र प्रयोगशाळा हवी होती. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे शिक्षक लाभले आणि ती दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांच्या मागे लागली. या देशात गरिबाच्या ताटात धान्याखालोखाल प्रथिन येतं ते मुख्यतः याच वाटेने. वर्ष सरलं, रामनांचं समाधान झालं, तिची रीतसर नोंद झाली आणि संस्थेची दारं पुढच्या मुलींनाही उघडली. तिथून ती केंब्रिजला गेली. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असतं, हे तिने दाखवलं. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते.

पुढे लग्नानंतर कमला सोहोनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या, आणि त्यांच्या कामातला सर्वांत लोभस विषय त्यांना मिळाला तो इथे: नीरा. सुचवला होता राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी. नीरेइतकं उतावळं पेय दुसरं नसेल. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला रात्री मडकं बांधायचं, आतून चुन्याचा हात फिरवायचा आणि उजाडायच्या आत ते उतरवायचं. ऊन चढू लागलं की ती आंबते. तिची ताडी होते आणि तिच्याभोवतीचे कायदे, तिच्याविषयीची मतं, सगळंच बदलतं. पहाटे ती गोड, गार, जराशी धुरकट लागते. जिला कुणी औषध म्हणतं, कुणी व्यसनाची पहिली पायरी, अशा या पेयाकडे कमलाबाईंनी दोन्ही बाजूंचे आवाज बाजूला ठेवून पाहिलं. त्यांना तिच्यात अ आणि क जीवनसत्त्वं सापडली, लोह सापडलं, आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही त्यांतलं पुष्कळ टिकतं असं दिसलं. मग प्रयोग माणसांपर्यंत गेला. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली, तेव्हा त्यांची तब्येत सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. डाळी, दूध, नीरा ही यादी सलग वाचली तर हे संशोधन कुणासाठी चाललं होतं ते कळतं. केंब्रिजहून परतलेल्या बाईला याहून दिमाखदार विषय सहज मिळाले असते.

आणि तरी त्या बंगळूर विसरल्या नाहीत. म्हातारपणी, स्त्री-वैज्ञानिकांनी सत्कार केला तेव्हा, त्यांनी भर सभेत सांगितलं की रामन मोठे शास्त्रज्ञ होते, पण कोत्या मनाचे होते, आणि केवळ बाई म्हणून त्यांनी केलेला तो अपमान आपल्याला विसरता आलेला नाही. तेव्हा रामनांना जाऊन पाव शतक उलटलं होतं, त्यांचं नाव देवघरात बसलेलं होतं. यश पदरी पडल्यावर जुना अन्याय गोड करून सांगायची आपल्याकडे फार सवय आहे. अट मान्य करणं आणि अटीमागचा विचार मान्य करणं यांतलं अंतर कमलाबाईंनी साठ वर्षं राखलं. तेही कौतुकाच्या, हारतुऱ्यांच्या दिवशी राखलं, हे अधिक अवघड.

याच घरातली, कमलेहून वर्षभराने मोठी मुलगी म्हणजे दुर्गा.

‘ऋतुचक्र’, ‘पैस’, ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या दुर्गाबाई १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी लागू होती. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले परराष्ट्रमंत्री. आजारी जयप्रकाश नारायणांचं नाव घेणंही जोखमीचं होतं, आणि दुर्गाबाईंनी त्या मंडपात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. पोलिसांना त्यांना शोधत हिंडावं लागलं नसणार. हे ग्रंथालय ज्या टाउन हॉलमध्ये आहे त्याच्या पायऱ्या चढून पुस्तकांत जाऊन बसणं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. सरकारी मानसन्मान त्यांनी पुढे नाकारले.

एवढ्यावरून दुर्गाबाईंचं जे कठोर, काटेरी चित्र लोकांच्या मनात बसतं ते मात्र अपुरं आहे. याच बाईने ‘खमंग’ नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं. झाडं, आकाश, लोककथा आणि स्वयंपाक यांच्याकडे त्या एकाच ओढीने पाहत. मराठी घरांत ‘खमंग’ स्वयंपाकघराच्या फडताळात असतं आणि ‘ऋतुचक्र’ बाहेरच्या कपाटात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला हवीत. आणि त्यांच्या जोडीला कमलाबाईंनी मराठीत मुलांसाठी लिहिलेली विज्ञानाची पुस्तकंही, जी आता सहजासहजी मिळत नाहीत आणि कुणीतरी पुन्हा छापायलाच हवीत.