दिपणे आणि डिपर

‘दिवा’ आणि ‘दिपणे’ हे दोन्ही शब्द एकाच ‘दीप्’ धातूच्या घरातले. दिव्याने दिसते आणि दिव्यानेच डोळे दिपतात, म्हणजे दिसेनासे होते. ही भाऊबंदकी आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखून ठेवली आहे. गॅरेजमध्ये मात्र तिसराच शब्द चालतो : डिपर. तो इंग्रजीतून आला, अर्थ खाली झुकवणारा. ‘दिपणे’शी त्याचे काडीचेही नाते नाही. तरीही ‘समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून देतात तो डिपर’ अशी व्युत्पत्ती एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिली, तर तिच्यावर लाल रेघ ओढताना आमचा हात क्षणभर थबकेल.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एकाचे महाविद्यालय साताऱ्यात, दुसरीचे सांगलीत. वर्गात प्रकाश नेहमी सज्जनांच्या बाजूचा असतो. प्रकाश हे ज्ञानाचे प्रतीक, अंधार हे अज्ञानाचे. या एका वाक्यावर दोन गुण सहज मिळतात, आणि आम्हीही ते मुकाट्याने देत आलो आहो. शनिवारी संध्याकाळी सांगलीहून साताऱ्याला आणि सोमवारी पहाटे साताऱ्याहून सांगलीला, असा सुमारे १२० किलोमीटरांचा रस्ता गेली कित्येक वर्षे आमच्या वाट्याला आला आहे. त्या रस्त्यावर हे प्रतीक टिकत नाही.

गेल्या जानेवारीत उंब्रजजवळ ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड आमच्या बारा वर्षांच्या छोट्या गाडीच्या उजव्या दिव्यावर बसला. काच (म्हणायची काच, असते ते प्लॅस्टिकच) फुटली आणि दिवा ज्या कानांवर बसवलेला असतो त्यांतला एक कान तुटला. एका गॅरेजने उजवा दिवा नवा घातला, तुटलेला कान चिकटवला आणि उन्हाने पिवळा पडलेला डावा दिवा पाण्याखाली बारीक पॉलिश कागदाने घासून लखलखीत केला. बिलात ‘फोकस सेटिंग’ या नावाने दोनशे रुपयेही होते. गाडी हाती आली तेव्हा दिवे दृष्ट लागावी असे दिसत होते.

पुढच्याच शनिवारी आष्ट्यापासून समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण आम्हाला डिपर देऊ लागला. आमचा दिवा खालीच होता, निळी खूण विझलेली होती. तरी लोक दिवे मिचकावून राग व्यक्त करीत होते. कासेगावात चहाला थांबलो. ऊसवाहतुकीचा एक ट्रॅक्टरवाला आमच्या गाडीपुढे उभा राहून म्हणाला, “पाव्हणं, तुमचा उजवा दिवा आभाळाकडं बघतोय की. समोरच्यानं जायचं कुठनं?” इतके नेमके निदान बिल देणाऱ्या गॅरेजनेही केले नव्हते.

घरी येऊन दिव्यामागचे रबरी टोपण काढले, तेव्हा दुसरा खुलासा झाला. आत मूळच्या ६०/५५ वॅटच्या बल्बऐवजी १००/९० चे बल्ब होते. आमच्या भल्यासाठीच घातले असावेत. आपल्याकडे बहुतेक भले असेच न विचारता केले जाते. १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपिअर प्रवाह ओढतो, ९० वॅटचा साडेसात. वायर, होल्डर आणि स्टिअरिंगजवळची कळ साडेचाराच्या हिशेबाने केलेली. वेगळी वायरिंग आणि रिले न घालता असा बल्ब बसवला, तर होल्डर करपतो आणि दिव्याच्या आतला आरसाही कालांतराने उष्णतेने काळवंडतो. म्हणजे अधिक उजेडासाठी आणलेला बल्ब उजेड पाडणाऱ्या आरशालाच खातो.

तेव्हा बल्ब बदलणे आले. सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर गाड्यांच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची दुकाने एकाला लागून एक आहेत. दुकानदाराने चार प्रकार काउंटरवर मांडले. साधा ६०/५५, त्याच वॅटचा पण तार अधिक तापवून जास्त उजेड देणारा आणि म्हणून लवकर जाणारा, निळी झाक दिलेला, आणि एलईडी. त्याचा आग्रह अर्थातच शेवटच्याला. “टाका की सर एलईडी. दिवस उगवल्यागत उजेड पडतोय.” समोरच्याचा दिवस मावळतो, हे आम्ही त्याला म्हणालो नाही, पण साधाच बल्ब मागितला आणि त्याच्या चेहऱ्यावर, मास्तर शेवटी पैशाला पाहणारच, असा भाव उमटला.

कारण पैशाचे नव्हते. या बल्बाला एच-४ म्हणतात. हॅलोजनचा पहिला मोटारबल्ब, एच-१, युरोपात १९६२ साली आला. आमचे शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचे, हे उगीच आठवले. त्यात एकच तार होती. एच-४ आला १९७१ साली, आणि त्याने एका काचेच्या नळीत दोन तारा बसवल्या : एक लांबच्या झोतासाठी, एक जवळच्या. जवळच्या तारेच्या खाली धातूची इवलीशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा उजेड ही वाटी अडवते; तो आरशाच्या खालच्या भागावर पडला असता तर परावर्तित होऊन वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण दोष दाखवण्यासाठी वापरतो. इथे तो अंधार मोजूनमापून, मुद्दाम घडवलेला आहे, आणि सगळे कौशल्य त्या वाटीत आहे. वाटीची एक कड किंचित तिरकी ठेवलेली असते. तिच्यामुळे भिंतीवर उजेडाची वरची सीमा उजवीकडे आडवी राहते आणि डावीकडे चढत जाते. आपण डावीकडून गाडी चालवतो. उजवीकडून माणसे समोर येतात, म्हणून तिकडे उजेड आखडता. डावीकडे रस्त्याची कड, पायी चालणारे, सायकली आणि बैलगाड्या, म्हणून तिकडे हात सैल.

एलईडीत तार नसते. एका चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना प्रकाश देणारे तुकडे बसवलेले असतात. जो दिवा मुळातच एलईडीसाठी घडवला आहे, त्याची गोष्ट निराळी, तो उत्तम असतो. पण तारेसाठी घडवलेल्या आरशात हा पाहुणा बसवला की आरशाचा हिशेब बिघडतो आणि ती रेखीव सीमा फिसकटते. गाडीपुढे दहा-पंधरा मीटर लख्ख उजेड पडतो, त्यामुळे चालवणाऱ्याला समाधान वाटते. उरलेला वाटेल तिकडे उधळतो. निळ्या झाकेचे बल्ब तर सरळ फसवणूक. ती झाक म्हणजे तारेच्या उजेडातून काही भाग गाळणारी चाळणी. रस्त्यावर उजेड कमीच येतो, दिसतो मात्र महाग.

या सगळ्या काथ्याकुटामागे एक मुलगा आहे. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातला. वाळव्याकडचा, सकाळी दूध घालून मोटारसायकलवर कॉलेजला येणारा. दोन वर्षांपूर्वी रात्री घरी जाताना तो उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर होता तो पाचटाखाली झाकलेला. मांडीत सळई घातली, वर्ष गेले. कुबड्या घेऊन परीक्षेला आला तेव्हा त्याने सांगितले, “समोरनं मोटार आली सर, लाईट डोळ्यावर. पुढचं काय दिसलंच न्हाई.” ती मोटार कोणाची, हे कोणालाच कळले नाही. तिला कोठे धक्का लागला नाही, ती थांबलीही नाही. तिच्या चालकाला आपण काही केले आहे याची आजही कल्पना नसेल. अपघाताच्या पंचनाम्यात ट्रॉली आहे, मोटारसायकल आहे. तो उजेड कोठेच नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने माणूस सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो. दिपलेले डोळे सावरायला तीन सेकंद लागले तरी ५० मीटर अंतर आंधळेपणाने कापले जाते. तो मुलगा विशीतला. आम्हा दोघांना चाळिशी लागली आहे, वयाचीही आणि नाकावरचीही. या वयात डोळ्यातले भिंग पूर्वीइतके नितळ राहत नाही. समोरचा झोत आत शिरला की विखुरतो आणि सावरायला वेळ अधिक लागतो. हंगामात कृष्णाकाठच्या या पट्ट्यात रात्रभर ऊस चालू असतो. साताऱ्याजवळ शेंद्रे, कराडजवळ यशवंतनगर, अलीकडे रेठरे, पुढे साखराळे, थेट सांगली, अशी कारखान्यांची माळच आहे. महामार्गाचे सहापदरीकरण निघाल्यापासून वाहतूक ठिकठिकाणी सेवा रस्त्यावर वळवावी लागली, आणि मधला दुभाजक जो आडोसा देतो तोही तेवढ्यापुरता गेला.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम या बाबतीत विलक्षण मानवी आहे. दिव्यापासून ८ मीटरांवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत असा कोणी मनुष्य त्यात कल्पिला आहे, आणि त्याचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत खाली झुकलेला असावा, असे म्हटले आहे. कायद्याच्या रुक्ष गद्यात असा एक अनोळखी उभा केलेला पाहून आम्हाला बरे वाटले. तो बोलत नाही, फक्त उभा असतो आणि पाहतो.

बल्ब बसवायला आम्ही साताऱ्यातल्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. त्याने आधी चिकटवलेला कान काढून पत्र्याची पट्टी लावून दिवा घट्ट केला, कारण दिवाच हलत असेल तर फोकस कशाचा लावायचा? बल्ब त्याने फडक्यात धरला. काचेला बोट लागले की त्वचेचे तेल राहते, तिथे काच अधिक तापते आणि बल्ब अकाली जातो. तळाला तीन जिभल्या असतात, त्यांतली एक वेगळ्या मापाची; त्यामुळे बल्ब एकाच रीतीने बसतो. तरीही जबरदस्तीने तिरका बसवलेले बल्ब आपण रोज काढतो, असे तो म्हणाला.

फोकस मात्र भिंतीवरच लावायचा, ही त्याचीच शिकवण. आमच्या कॉलनीच्या टोकाला सपाट जागा आणि कुंपणाची पांढरी भिंत आहे. टायरांत हवा नेमकी भरली, चालकाच्या जागी एक जण बसला, आतले उंची बदलण्याचे चाक शून्यावर ठेवले आणि गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरांवर उभी केली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६८ सेंटिमीटर भरला. भिंतीवर तेवढ्या उंचीवर दोन फुल्या, आणि त्यांच्याखाली १० सेंटिमीटरांवर आडवी रेघ, खडूने. मग एका दिव्यावर क्षणभर सतरंजी धरायची आणि दुसऱ्याचा स्क्रू फिरवायचा : उजेडाची आडवी कड रेघेला टेकली पाहिजे, आणि ती जिथून डावीकडे चढू लागते तो कोपरा फुलीच्या सरळ खाली आला पाहिजे. १० मीटरांत १० सेंटिमीटर उतार, म्हणजे ६८ सेंटिमीटर उंचीचा झोत ६८ मीटरांवर जमिनीला मिळतो. उतार काढून टाकला तर तो जमिनीला कधीच मिळत नाही. आमचा उजवा दिवा फुलीच्याही वर वीतभर होता. ट्रॅक्टरवाल्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

स्क्रू अर्धा फेरा फिरला की तेजाची ती कड हळूच खाली सरकते. एखाद्या ओळीतला अनावश्यक शब्द काढल्यावर ओळ जशी जागेवर बसते, तसे काहीसे ते होते. (वायरमनला ही उपमा ऐकवली. तो म्हणाला, “सर, सतरंजी नीट धरा.”)

दुसऱ्या दिवशीच्या पहाटे दिवे आधीपेक्षा मंद वाटले, हे सांगितले पाहिजे. उजेड पिवळसर, आणि उजवीकडे तर हात आखडता. पण कोणीही डिपर दिला नाही. समोरून कोणी तसाच झळाळत आला तर डोळे डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायचे आणि वेग कमी करायचा; त्याला धडा शिकवण्यासाठी आपणही वरचा दिवा लावला, तर त्या क्षणी रस्त्यावर दोन आंधळे होतात. वाठारच्या पुढे धुके होते. धुक्यात वरचा झोत म्हणजे पुढे पांढरा पडदा, खालचाच बरा. डावीकडच्या चढत्या उजेडात आधी दोन चाके दिसली, मग उसाचे लोंबते वाढे, मग मोळ्यांवर चवाळे पांघरून बसलेला गाडीवान. आम्ही बाजूने पुढे गेलो, तरी त्याने मान वळवली नाही.

सांगलीहून परतताना मागे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे किंवा बेदाण्याची खोकी असली की गाडीचे नाक वर होते, आणि त्याबरोबर दिवेही. तेव्हा आतले चाक एकावर किंवा दोनवर घ्यायचे. हे चाक कशासाठी आहे, हे आमच्या प्राध्यापक कक्षात विचारले तर बहुतेकांना ते रेडिओचे वाटते. १००/९० चे ते दोन बल्ब वायरमनने परत दिले, ते कोणाला द्यावेत हे न सुचल्याने लाल पेनांच्या डब्यात पडून आहेत. भिंतीवरच्या खडूच्या खुणा पावसाळ्यात धुऊन जातात. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या, की आम्ही टेप आणि सतरंजी घेऊन भिंतीपाशी जातो आणि त्या पुन्हा काढतो.