एक हत्ती शॉर्ट

आम्हा बँकवाल्यांना देवळात नेऊ नये. भक्त हात जोडतो, रसिक मान डोलावतो, आम्ही मोजतो.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या वेळचं. स्वर्गमंडपाचे खांब मोजले. ४८. टॅली! छताच्या मधोमध मोठा गोल उघडा, त्यातून थेट आकाश. ते मोजण्यातलं नव्हे म्हणून सोडलं. शंकरापुढे नंदीच नाही, ही उघड शॉर्टेज.

मग हत्ती. अख्खं देऊळ त्यांनी पाठीवर घेतलंय. पुस्तकात ९२ लिहिलेले, माझे भरले ९१. पुन्हा प्रदक्षिणा. पाठीवर देवता, अंगावर माळा, अलंकार. मागच्या बाजूला, जिथं फारसं कुणी फिरकत नाही, तिथंही कारागिरानं काम उरकलेलं नाही. (आमच्याकडे साडेतीननंतरचं काम पाहा!) कितीकांच्या सोंडा मात्र तुटलेल्या. असा हत्ती म्हणजे फाटकी नोट. घ्यावी की परत करावी?

"एक कमी पडतोय," मी हिला म्हणालो.

"तुमचं नेहमी कमीच कसं पडतं हो? परवा कॅशमध्ये पाचशे कमी पडले, ते खिशातून भरलेत ना?"

मी गारच. ही गोष्ट पिंजऱ्याबाहेर गेली नव्हती.

"पंधरा दिवस बँकेतून चालत येताय. बसच्या पैशांतून पाचशे कधी व्हायचे, ते मोजलंत का?" ही पदर खोचून उठली. "चला. तुम्ही डावीकडून मोजा, मी उजवीकडून येते."

मागच्या बाजूला आमची गाठ पडली. बेरीज ९३ झाली. तिथला एक हत्ती दोघांनीही धरला होता.